व्हॉट्सॲपवर आलेला फोटो २० × ३० इंच छापता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा दीड महिन्यावर आला आहे. तीन फोटो छापायचे आहेत. आई-बाबांचा अंगणातला एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, तो २० × ३० इंच करून हॉलमध्ये लावायचा आहे. भाच्याने आयफोनवर काढलेला सगळ्या कुटुंबाचा ग्रुप फोटो १२ × १८ करून भावंडांना द्यायचा आहे. तिसरा त्यांच्या लग्नातला, पोस्टकार्ड आकाराचा, ब्लॅक अँड व्हाइट आणि थोडा डागाळलेला. लॅबवाले म्हणाले, "पहिला फोटो फाटेल, ३०० डीपीआय करून आणा." एका ॲपमध्ये ३०० करून नेला, तरी त्यांचं म्हणणं तेच. आता काय करायचं?

उत्तर:

लॅबवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यांनी सांगितलेला उपाय अर्धवट आहे. आधी तो ३०० चा घोळ मिटवू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

डिजिटल फोटोला इंच नसतात, फक्त पिक्सेल असतात. आडवे इतके, उभे इतके. ते किती इंचांत पसरायचे हे आपण छापताना ठरवतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ६ इंचांत छापला तर इंचाला २६७ पिक्सेल मिळतात आणि ३० इंचांत छापला तर ५३. फाइलमध्ये डीपीआय किंवा पीपीआय (इंचाला किती ठिपके किंवा पिक्सेल) म्हणून जो ७२ किंवा ३०० आकडा लिहिलेला असतो, ती नुसती चिठ्ठी आहे. ॲपने तुमच्या फाइलवरची चिठ्ठी बदलली, आतले पिक्सेल होते तेवढेच राहिले. म्हणून लॅबच्या पडद्यावर काहीच फरक दिसला नाही.

फोटोशॉपमध्ये 'इमेज साइज' उघडलंत की 'रीसॅम्पल' नावाचा चौकोन दिसेल. त्यावरची खूण काढून ३०० लिहिलं तर फक्त चिठ्ठी बदलते आणि इंच कमी होतात. खूण ठेवून लिहिलं तर सॉफ्टवेअर नवे पिक्सेल घडवतं. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत: 'प्रिंट साइज' चिठ्ठी बदलते, 'स्केल इमेज' पिक्सेल बदलते. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. पण घडवलेले पिक्सेल हे आजूबाजूच्या पिक्सेलांवरून काढलेला अंदाज असतात. आमटीत पाणी घातलं की ती जास्त जणांना पुरते, डाळ मात्र तेवढीच राहते.

त्यामुळे तुमचं पहिलं काम संगणकावरचं नाहीच. ज्याने तो अंगणातला फोटो काढला त्याला आज फोन करा आणि मूळ फाइल मागा. हे काम मी सगळ्यात वर ठेवतो, कारण याने जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या कुठल्याही करामतीने पडत नाही. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आणतं आणि वर जेपीजीचं दाबणंही कडक करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तो बरा, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा गूगल ड्राइव्हची लिंक मागा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे फोन केबलने संगणकाला जोडून फाइल काढून घेणं. फेसबुकवर टाकलेला असेल तर तिथून उतरवलेली प्रत फार तर २०४८ पिक्सेलची मिळते, इन्स्टाग्रामवरून साधारण १०८० रुंदीची. स्क्रीनशॉट तर घेऊच नका. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तरी घाबरायचं कारण नाही. तो १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटोच आकाराने लहान करतो. फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोचे पिक्सेल तसेच राहतात, थोडं दाबणं तेवढं वाढतं.

आता समजा मूळ फाइल मिळाली आणि ती ४०३२ × ३०२४ पिक्सेलची निघाली. बऱ्याच फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो एवढा असतो. २० × ३० चं प्रमाण २:३ आणि फोनच्या फोटोचं ३:४. म्हणजे वरखालून काही भाग कापावा लागणार. ४०३२ × २६८८ उरतील, म्हणजे इंचाला १३४ पिक्सेल. हे ३०० च्या निम्मेही नाहीत, तरीही हा फोटो २० × ३० चांगला छापला जाईल असं मी खात्रीने सांगतो.

कारण ३०० हा आकडा हातात धरून बघायच्या फोटोसाठी आहे. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. त्यावरून सोपं गणित निघतं: ३४३८ ला बघण्याच्या अंतराने, म्हणजे इंचांतल्या अंतराने, भागा. एक फुटावरून बघायचं तर इंचाला साधारण २८७ पिक्सेल लागतात, दोन फुटांवरून १४३, पाच फुटांवरून फक्त ५७. म्हणजे इंचाला १३४ पिक्सेल असतील तर दोन फूट दोन इंचांपलीकडून डोळ्याला त्यात काही कमी दिसणार नाही. २० × ३० ची फ्रेम सोफ्याच्या वर लागते. तिला नाक लावून कुणी बघत नाही. उलट तुमच्याकडच्या १६०० पिक्सेलच्या फाइलला ५३ च मिळतात, आणि जेपीजीच्या ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांचे ठसे गालांवर आणि आभाळात दिसू लागतात. लॅबवाले 'फाटेल' म्हणतात ते यालाच. मात्र हीच १६०० ची फाइल ४ × ६ म्हणजे मॅक्सी प्रतीसाठी सुरेख आहे आणि ५ × ७ साठीही चालते. पाहुण्यांना वाटायच्या प्रती तिच्यावरून बिनधास्त काढा.

अंतराच्या या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे: तुमचा ग्रुप फोटो. ग्रुप फोटोजवळ प्रत्येक माणूस स्वतःला शोधायला येतो, बोट ठेवून दाखवतो, मुलांना जवळ उचलून दाखवतो. तो १२ × १८ चा असला तरी बघितला जातो एक फुटावरून. तुमची आयफोनची फाइल १२ मेगापिक्सेलची असेल तर १२ × १८ ला इंचाला २२४ पिक्सेल मिळतील. वरच्या हिशेबापेक्षा थोडे कमी, तरी पुरेसे आहेत. पण मेगापिक्सेल मोजण्यापेक्षा चेहरे मोजा. फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्याची रुंदी बघा. शंभर पिक्सेलच्या आसपास असेल तर डोळे, चष्मा, हसू सगळं नीट येईल. पन्नासच्या खाली गेली तर माणूस ओळखू येतो, पण चेहरा लिबलिबीत वाटतो. अशा वेळी फोटो मोठा करण्याचा मोह सोडून आकार एक पायरी कमी करावा. ८ × १२ ची नेटकी प्रत १२ × १८ च्या धूसर प्रतीपेक्षा कधीही चांगली.

१०० टक्क्यांवर बघण्याचा आणखी एक उपयोग आहे. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपच्या पडद्यावर इंचाला १४१ पिक्सेल असतात. तुमचा २० × ३० चा फोटो इंचाला १३४ ने छापला जाणार आहे. म्हणजे असा लॅपटॉप असेल तर १०० टक्क्यांवर जे दिसतं ते जवळजवळ भिंतीवरच्या आकारातच दिसतं. खुर्ची तीन फूट मागे सरकवून बघा. हात हललेला असेल, फोकस बाबांच्या चेहऱ्याऐवजी मागच्या तुळशीवृंदावनावर असेल, डिजिटल झूम वापरला असेल, ते सगळं इथेच कळेल. हललेल्या फोटोला पन्नास मेगापिक्सेलही वाचवू शकत नाहीत.

कापण्याबद्दल जरा थांबून बोलतो, कारण छपाईतली सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. ४ × ६, ८ × १२, १२ × १८, २० × ३० हे सगळे एका प्रमाणाचे, २:३. पण ५ × ७, ८ × १०, १२ × १५, १६ × २० यांची प्रमाणं वेगळी. डीएसएलआरचा ६००० × ४००० चा फोटो ८ × १० वर भरायचा तर रुंदीतले १००० पिक्सेल जातात, म्हणजे सहावा हिस्सा. ग्रुप फोटोत तेवढ्यात टोकाचे काका आणि दुसऱ्या टोकाची सून दोघंही गायब होतात. लॅबचं यंत्र विचारत नाही, मधोमध कापतं. म्हणून कापण्याचं काम स्वतः करा आणि फाइल नेमक्या प्रमाणात द्या. तुमच्या ग्रुप फोटोत वरखाली जागाच नसेल तर १२ × १८ च्या पांढऱ्या कागदावर १२ × १६ चा पूर्ण फोटो बसवा. दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी राहील, ती फ्रेमवाला कापून टाकेल किंवा माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, जाईल. शिवाय कडेपर्यंत छापताना यंत्र फोटो किंचित मोठा करून कडा कापतं, त्यात दोन-तीन मिलिमीटर जातात. पाय, पदराची टोकं, फेट्याचा तुरा यांना कडेला चिकटू देऊ नका. कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणायचं ठरलं तर चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्तीचं चित्र लागतं. ते नसेल तर कडेला रंगीत पट्टी द्यायला सांगा, नाहीतर आईचा हात चौकटीच्या बाजूला दुमडला जाईल.

आता मोठं करण्याकडे येऊ. १३४ ची फाइल तशीच दिली तरी लॅबचं यंत्र स्वतःच्या पद्धतीने ती वाढवणार आहे. फुजी फ्रंटियरसारखी मिनीलॅबची यंत्रं इंचाला ३०० बिंदूंनी कागदावर प्रकाश टाकतात. फाइल त्याहून कमी असेल तर मधली भर कुणीतरी घालायलाच लागते. ती आपण घातली तर कशी घातली हे आपल्याला माहीत असतं आणि शेवटचं शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, आपल्या हातात राहतं. मोठं करणं एकदाच करा, हव्या त्या शेवटच्या मापाला. आधी दीडपट, मग थोडं कापून पुन्हा दीडपट असं केलं तर दर खेपेला फोटो मऊ होत जातो. फोटोशॉपमध्ये 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' निवडा. कॅमेरा रॉ किंवा लाइटरूम असेल तर 'सुपर रेझोल्यूशन' वापरा. ते २०२१ पासून आहे, दोन्ही बाजू दुप्पट करतं आणि जेपीजीवरही चालतं. तुमचा ४०३२ चा फोटो ८०६४ होईल, म्हणजे ३० इंचांत इंचाला २६९. गिम्पमध्ये 'नोहेलो' किंवा 'क्यूबिक' घ्या. दीडपटीपर्यंत यांच्यातला फरक भिंतीवर ओळखू येत नाही.

एआयने मोठं करणाऱ्या साधनांबद्दल मी सावध आहे. अपस्केल नावाचं एक मोफत साधन घरच्या संगणकावर चालतं, आणि झाडं, दगडी भिंत, कापडाची वीण यांवर ते खरोखर छान काम करतं. पण चेहरा लहान असेल आणि तुम्ही चौपट मोठा केलात, त्यातही काही साधनांत असतो तो चेहरा सुधारण्याचा पर्याय चालू ठेवलात, तर असं साधन त्याला माहीत असलेल्या हजारो चेहऱ्यांमधून एक सुबक चेहरा बनवून देतं. डोळे चमकदार होतात, दात एकसारखे होतात आणि माणूस बदलतो. अनोळखी माणसाला तो फोटो सुंदर वाटेल, घरच्यांना मात्र काहीतरी खटकत राहील. म्हणून दुप्पटच्या पुढे जाऊ नका, चेहऱ्याचा पर्याय बंद ठेवा, आणि जुना-नवा फोटो शेजारी ठेवून ज्यांनी त्या माणसाला त्या वयात पाहिलंय त्यांना दाखवा. त्यांचा शब्द अंतिम माना.

हीच गोष्ट सुरकुत्यांची. एक्क्याऐंशीव्या वर्षीचा चेहरा गुळगुळीत करायचा नसतो. ज्या वयाचा सोहळा साजरा करतोय ते वय फोटोत दिसायला हवं. आणि रंगाचंही तसंच: सावळी माणसं सावळीच छापली गेली पाहिजेत. पुष्कळ लॅबमध्ये यंत्र किंवा ऑपरेटर आपणहून चेहरे उजळवतात. फाइल देताना "करेक्शन अजिबात नको, आहे तसं छापा" असं स्पष्ट सांगा, ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या.

रंगांसाठी नियम सरळ आहे. लॅबला फाइल एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपटात, द्यायची. आयफोन ७ पासून आयफोन 'डिस्प्ले पी३' नावाच्या जास्त रुंद रंगपटात फोटो साठवतो. लॅबच्या सॉफ्टवेअरने फाइलमधली रंगपटाची खूण वाचली नाही तर रंग मलूल छापले जातात, चेहरे राखाडी वाटतात. फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. 'असाइन प्रोफाइल' वापरू नका, त्याने आकडे तेच राहतात आणि रंग सरकतात. सीएमवायकेमध्ये (छापखान्याच्या चार शायांच्या रंगांत) फाइल देण्याचा आग्रह कुणी केला तर विचारा की छपाई कशावर होणार आहे. ऑफसेटवर पत्रिका किंवा स्मरणिका छापायची असेल तर तो आग्रह योग्य, फोटोच्या कागदावर छापायचं असेल तर नाही. आयफोनची फाइल एचइआयसी प्रकारची असेल तर ती अनेक यंत्रांवर उघडत नाही, आधीच जेपीजी करून घ्या.

आपल्याकडच्या समारंभाच्या फोटोंत लाल आणि भगवे रंग फार असतात: फेटा, शालू, कुंकू, झेंडूची तोरणं. पडद्यावर ते झगझगीत दिसतात, कागदाला तेवढे झेपत नाहीत. मग शालूची जर आणि चुण्या जाऊन नुसता लाल पट्टा उरतो. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल वाहिनी, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, उजव्या भिंतीला टेकलेली दिसली की फक्त लाल-नारिंगी रंगांचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, थोडं खाली आणा आणि त्यांचा उजेडही किंचित कमी करा. कापडाची वीण परत दिसायला लागेल. पूर्ण फोटोचे रंग उतरवू नका.

"पडद्यावर छान होता, छापून आल्यावर काळा पडला" ही सर्वांत जुनी तक्रार आहे आणि दोष बहुतेक वेळा पडद्याचा असतो. लॅपटॉप आणि फोन आपण पूर्ण उजेडावर ठेवतो. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो. छपाईचं काम करणारे पडदा ८० ते १२० कँडेला दर चौरस मीटर (पडद्याच्या उजेडाचं माप) एवढाच ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन पडत नाही अशा जागी बसा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करा. नाइट मोड बंद ठेवा. आता फोटो बघा. अंधारा वाटला तर कर्व्हजमध्ये मधला भाग थोडा वर उचला. एक्स्पोजर वाढवू नका, त्याने पांढरं धोतर आणि टोपी जळून जाईल. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका गडद उतरत नाही, तिथे सावल्या आणखी जराशा उघडाव्या लागतात.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी. मोठं करून झालं, कापून झालं, रंग झाले, मग. आधी केलंत तर मोठं करताना त्या पांढऱ्या-काळ्या कडाही मोठ्या होतात आणि माणसांभोवती प्रभावळ दिसते. 'अनशार्प मास्क' हे नाव अंधाऱ्या खोलीतल्या फिल्मच्या काळातलं आहे. तेव्हा निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छापत आणि बारकावे उठून येत. गणित आजही तेच आहे. इंचाला २०० ते ३०० पिक्सेल असतील तर त्रिज्या १ ते १.५ पिक्सेल, प्रमाण १०० टक्क्यांच्या आसपास, थ्रेशोल्ड (किती फरक असेल तर काम करायचं ती मर्यादा) ३-४ ठेवा म्हणजे गालांवरचे दाणे उठणार नाहीत. १०० टक्क्यांवर पडद्यावर किंचित जास्त झाल्यासारखं वाटलं तर कागदावर बरोबर बसतं. मॅट कागद आणि कॅनव्हास शाई पसरवतात, त्यांना थोडं आणखी चालतं. फोन आधीच भरपूर शार्पनिंग करून ठेवतो, म्हणून फोनच्या फोटोला हात आखडता घ्या. मोह झाला तर मास्क लावून फक्त डोळे, केस, दागिने आणि कापड एवढ्यावरच करा.

लग्नाच्या फोटोकडे वळतो. हा तुमच्या तिघांतला सर्वांत मौल्यवान आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. फोनने त्याचा फोटो काढू नका. चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर, ६०० पीपीआयला, टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. झेरॉक्सच्या दुकानात करून घेणार असाल तर पीडीएफ नको हे आधी सांगा. जुन्या छापील फोटोत इंचाला साधारण ३०० च्या पुढे खरे बारकावे क्वचितच असतात. ६०० वर ते सगळे येतात, १२०० वर फाइल चौपट होते आणि नवीन काही मिळत नाही. साडेपाच बाय साडेतीन इंचांचं पोस्टकार्ड ६०० वर ३३०० × २१०० पिक्सेल देतं. म्हणजे १२ इंच रुंदीला २७५. ८ × १२ ची प्रत अतिशय चांगली येईल. त्याहून मोठी करण्याचा सल्ला मी देणार नाही. एकच अपवाद: निगेटिव्ह सापडली तर. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ४००० डीपीआयच्या फिल्म स्कॅनरवर ५६०० पिक्सेलच्या पुढे जाते. आणि त्या काळच्या स्टुडिओंमध्ये वापरत त्या मोठ्या १२० फिल्मवर तर याहून पुष्कळ साठलेलं असतं. घरातल्या ट्रंका एकदा उपसाच.

स्कॅन रंगीत करा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी. यात कामाची गंमत आहे. पिवळे-तपकिरी डाग निळ्या वाहिनीत गडद दिसतात आणि लाल वाहिनीत जवळजवळ नाहीसे होतात. तिन्ही वाहिन्या एकेक करून बघा, लाल स्वच्छ निघाली तर तेवढीच ठेवून तिच्यापासून ब्लॅक अँड व्हाइट बनवा. डाग पुसण्याचे तासन् तास वाचतात. फोटोचा पृष्ठभाग खरखरीत, नक्षीचा असेल तर स्कॅनरच्या दिव्यात त्याचे पांढरे ठिपके उमटतात. मग एकदा सरळ आणि एकदा फोटो उलटा फिरवून, म्हणजे १८० अंशांत, असे दोन स्कॅन घ्या. ते जुळवून प्रत्येक जागी जो पिक्सेल गडद तो ठेवा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. उरलेल्या चिरा क्लोन आणि हीलिंग ब्रशने लहान ब्रश घेऊन मिटवा, पण चेहऱ्यावर शक्य तितकं कमी.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो लॅबमध्ये रंगीत कागदावरच छापला जातो, त्यामुळे कधी हिरवट तर कधी जांभळट झाक येते. लॅबला आधीच सांगा, एक लहान प्रत काढून घ्या, झाक दिसली तर त्यांना ती काढता येते. चांगला पिगमेंट शाईचा प्रिंटर असलेलं ठिकाण जवळ असेल तर हा एक फोटो तिथे, मॅट कागदावर छापा. अशा कागदावर जुन्या फोटोला जी खोली येते ती मिनीलॅबला साधत नाही.

फाइल साठवताना एक मूळ प्रत टिफ किंवा पीएसडीमध्ये न दाबता ठेवा आणि छपाईसाठी तिच्यापासून जेपीजी काढा, फोटोशॉपच्या मापात १० ते १२, गिम्पमध्ये ९५. तीच जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, दर खेपेला थोडं निसटतं. फाइलच्या नावात माप आणि कागद लिहा. आणि लॅबला पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने द्या. एवढं सगळं करून शेवटी "व्हॉट्सॲप करा ना" म्हटलं की अनेकजण करून टाकतात, आणि फाइल परत १६०० पिक्सेलची होते.

मोठी प्रत छापण्याआधी हे नक्की करा: २० × ३० ची तयार फाइल त्याच मापात ठेवून तिच्यातला फक्त ४ × ६ इंचांचा तुकडा कापा, ज्यात बाबांचा चेहरा आणि आईच्या साडीचा काठ येईल. तो तुकडा त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर, मॅक्सी प्रत म्हणून छापून घ्या. खर्च एका मॅक्सीचा. तो हॉलमध्ये जिथे फ्रेम लागणार तिथे चिकटवा, रात्री दिव्यात आणि दिवसा उजेडात, जिथून पाहुणे बघतील तिथून बघा. काळपट वाटला, लाल रंग भडक वाटले, कडा कडक वाटल्या, तर फाइल दुरुस्त करून पुन्हा एक तुकडा. पडद्यावर कितीही तास घालवलेत तरी या तुकड्याएवढं नेमकं उत्तर मिळणार नाही. दीड महिना हाताशी आहे, सोहळ्याच्या पंधरा दिवस आधी हे उरकलेलं असू द्या.

कागद म्हणाल तर भिंतीसाठी मॅट किंवा किंचित खरखरीत, त्या कागदावर ट्यूबलाइटची चमक कमी येते. घर कोकणात किंवा जास्त पावसाच्या भागात असेल तर फोटो काचेला थेट टेकू देऊ नका. दमट हवेत कागदावरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि काही वर्षांनी फोटो सोडवताच येत नाही. फ्रेमवाल्याला मध्ये माउंट बोर्ड घालायला सांगा, मागच्या बाजूला कडा टेपने बंद करायला सांगा, आणि ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका.

सोहळ्याच्या दिवशीही ग्रुप फोटो होईलच, आणि तोही पुढे छापायचा असेल. काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: अल्ट्रा वाइड लेन्स नको, टोकाची माणसं रुंद होतात. झूम न करता मागे सरकून उभं राहायचं, टोकाच्या माणसांच्या बाहेर दोन्हीकडे एकेक हात जागा सोडायची, फोन कशावर तरी टेकवून टायमर लावायचा आणि सलग पाच-सहा फोटो घ्यायचे म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. आणि ग्रुपवर टाकण्याआधी मूळ फाइल तुमच्याकडे डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.